पिशवीत बांधलेला कॉम्प्युटर

थोरलीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. लवकर उठायची हौस नव्हती. पाच ते सात या वेळात गॅरेजात तिला सल्ला द्यायला कुणी नसायचं, एवढंच कारण. निम्मं काम तेवढ्यात उरकायचं.

गॅरेज बापाने उभं केलेलं. आता त्याचे गुडघे गेले होते, म्हणून तो दारापाशी खुर्ची टाकून बसायचा आणि आत शिरणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचा. इंजिन धाकट्याकडे, वायरिंग थोरलीकडे. तिचं टेबल मागच्या भिंतीला होतं. त्यावर सोल्डरचे, म्हणजे डाख द्यायच्या कथलाचे, पिवळट डाग, तिच्या भाषेत कावीळ, आणि ते सोडून सगळं लख्ख. पक्कड घेतली की परत त्याच खिळ्याला.

धाकट्याचा डोळा त्या टेबलाच्या जागेवर होता. त्याला तिथे चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन बसवायचं होतं.

"ताई, वायरिंगची कामं घरी बसूनही होतात."

"होतात की. गाडी कुठे घालू? स्वयंपाकघरात की न्हाणीघरात?"

बाप नुसता हसला. त्याचं ते हसणं थोरलीला जास्त लागलं.

अशात बर्फवाल्याचा पिकअप टो करून आला, तिसऱ्यांदा. बर्फवाला कारखान्यातून लाद्या भरून बाजारात पोचवायचा. गाडी सकाळी गुणी बाळासारखी निघायची, इंजिन चांगलं तापलं की भर रस्त्यात बंद पडायची. तासभर थांबलं की पुन्हा चालू. धाकट्याने फिल्टर बदलला, डिझेलचा पंप बदलला, एक सेन्सर बदलला. गाडीने काही मनावर घेतलं नाही.

"इंजिनात दम राहिला नाही," धाकट्याने हात टेकले. "भंगारात घाल आणि मोकळा हो."

"मोकळा होऊन खाऊ काय?" बर्फवाला म्हणाला. "परवा मासळीवालीला बर्फ म्हणून ओली पोती उतरवून दिली. ती म्हणते, यात मासे गार करू की पोहायला सोडू? कारखान्यातल्या साहेबांनी सांगितलंय, सोमवारी माल वितळला तर फेरी दुसऱ्याला."

थोरली टेबलावरून उठली. "मी बघितल्याशिवाय भंगार म्हणायचं नाही."

"बघ ना," धाकटा म्हणाला. "सोमवारपर्यंत बघ. नाही चालली तर टेबल उचलायचं. कबूल?"

"आणि चालली तर?"

"तर माझं मशीन गच्चीवर बसवीन."

"कबूल," थोरली म्हणाली. बापाकडे तिने पाहिलंही नाही.

तिने पिकअप अंगणात उन्हात उभा केला, बॉनेट मिटलं आणि इंजिन चालू ठेवून बाजूला बसली. बंद पडलेली गाडी दुरुस्त करण्याआधी ती बंद पडताना बघायची, हा तिचा नेम. धाकटा येता-जाता म्हणायचा, "काय, पाणी उकळायला ठेवलंय का?" तिने उत्तर दिलं नाही. अखेर गाडीने आचका दिला आणि इंजिन थांबलं.

आता घाई. गार व्हायच्या आत बघायला हवं. तिने बॉनेट उघडलं आणि स्कॅनर जोडला. इंजिनाचा कॉम्प्युटर जबाबच देईना. हा कॉम्प्युटर म्हणजे बॅटरीशेजारचा जेवणाच्या डब्याएवढा अॅल्युमिनियमचा खोका. कोणत्या क्षणी किती डिझेल सोडायचं ते तो ठरवतो. तो गप्प झाला की इंजिन नुसतं लोखंड.

खोका गप्प आहे म्हणून लगेच खोका बाद, असं थोरली करायची नाही. त्याला करंट पोचतो का, ते आधी. त्यासाठी तिने मीटर बाजूला ठेवला आणि हेडलाइटचा बल्ब घेतला. वायरची एक तार शिल्लक असली तरी मीटर आकडा पूर्ण दाखवतो. बल्बला पोटभर करंट लागतो. बल्ब झगझगीत पेटला. म्हणजे करंट पोचत होता, अर्थिंगही पक्कं. खोक्याने सेन्सरांना पाच व्होल्ट द्यायचे असतात, ते मात्र कुठेच नव्हते. एखादा सेन्सर ते खाली ओढत असेल म्हणून तिने एकेक सेन्सर काढून बघितला. वाकून, कोपरं भाजून घेत, शेवटच्यापर्यंत. व्होल्ट आले नाहीत. उरला खोका.

आणि खोका पिशवीत होता. जाड प्लास्टिकची पिशवी, वरून काळी टेप, गाठोड्यासारखं घट्ट. हे बांधकाम बापाचं. लोक इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुवायला लागले तेव्हा त्याने ही शक्कल काढली आणि सगळ्या गल्लीने उचलली. इथून गेलेल्या प्रत्येक गाडीचा कॉम्प्युटर असा बांधलेला असायचा. लोक कौतुकाने बॉनेट उघडून दाखवायचे.

थोरलीने ब्लेड हातात घेतलं तसा खुर्चीतून आवाज आला.

"ते सोडू नको. पाणी आत जाऊ नये म्हणून बांधलंय."

"जात नाही, बाबा. पण आत धरलेली वाफ बाहेरही पडत नाही."

"झालं!" धाकटा म्हणाला. "आता बाबांना शिकवणार."

"शिकवत नाही. कापतेय," ती म्हणाली आणि तिने टेप उभी चिरली.

पिशवीच्या आतून दव धरावं तसे थेंब लोंबत होते. खोका हात लावू देईना इतका तापलेला. प्लगच्या पिनांवर हिरवी भुकटी. तिने पिना ब्रशने घासल्या, जोडल्या, किल्ली फिरवली. काही नाही. म्हणजे ओल खोक्याच्या आतल्या सर्किटच्या पट्टीपर्यंत गेली होती.

"अंदाज आहे हा," धाकटा म्हणाला. "अंदाजाने मीपण पंप बदलला होता."

हे मात्र खरं बोलला. थोरलीने मान हलवली आणि बर्फवाल्याकडे वळली.

"भाऊ, बर्फाचा खडा मिळेल?"

"बर्फवाल्याला बर्फ मागतेस होय ताई? वितळायच्या आत सांगितलंस, बरं झालं."

तिने आपला जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा केला, त्यात बर्फ भरला, झाकण दाबलं, डबा कोरडा पुसला आणि खोक्यावर ठेवला. इंजिन तसंच गरम, बाकी सगळं जिथल्या तिथे. गार होत होता तो फक्त कॉम्प्युटर. थोड्या वेळाने तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

तिने डबा काढला, केस वाळवायचा ड्रायर लावला आणि गरम हवा खोक्यावर धरली. इंजिन बंद.

बाप खुर्चीतून उठला होता. काठी न घेता.

"परत कर," तो म्हणाला.

तिने परत केलं. बर्फ ठेवला, चालू. ड्रायर धरला, बंद. बापाने हात पुढे केला.

"ती पिशवी इकडे दे."

त्याने चिरलेल्या पिशवीची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मग गाडीला टेकून तसाच उभा राहिला. थोरलीने त्याला खुर्ची आणून दिली नाही. उभा राहिलाय तर राहू दे, असं तिला वाटलं.

नवा खोका मागवला तर महिन्याने आला असता. थोरली जुन्या गाड्या फोडणाऱ्या भंगारवाल्याकडे गेली आणि ढिगात उन्हाने पाठ भाजेपर्यंत बसली. खोक्यावरच्या नंबरातला शेवटचा आकडासुद्धा जुळायला हवा होता. भंगारवाला म्हणाला, "सगळे सारखेच असतात, कुठलाही ने." ती म्हणाली, "मग तुझा चष्मा मला दे, माझा तू घाल." शेवटी हवा तो सापडला. पिशवीत न बांधलेला.

पण दुसऱ्याचा खोका या गाडीची किल्ली ओळखत नाही. ती ओळख एका बारीक चिपमध्ये असते. तिने दोन्ही खोके उघडले, जुन्यातली चिप उचलली आणि नव्यात बसवली. चिपचे पाय तांदळाच्या टोकाएवढे. सोल्डर जास्त पडला तर दोन पाय चिकटतात, डाख द्यायची तापलेली सळई जास्त टेकली तर पट्टी जळते. ती श्वास सोडून, हात टेबलाला टेकवून एकेक पाय बसवत गेली. बॅटरीची वायर आधीच काढलेली होती, ती शेवटी जोडली.

किल्ली फिरवली. किल्ली ओळखली नसल्याचा दिवा लुकलुकत राहिला. इंजिन घेईना.

"मशीनची ऑर्डर देऊ का?" धाकट्याने विचारलं.

"दे. गच्चीचं माप घेऊन दे."

तिने खोका पुन्हा उघडला, भिंग लावलं. एका पायाखाली सोल्डर नुसता बसला होता, धरला नव्हता. तो एक पाय तिने पुन्हा केला. दिवा विझला आणि इंजिन सुरू झालं. खोका तिने बॅटरीपासून जरा दूर, वाऱ्याच्या वाटेवर बसवला आणि फवारा लागू नये म्हणून वरून फक्त पत्र्याचं छप्पर दिलं. खालून मोकळा.

सोमवारी दुपारच्या उन्हात पूर्ण माल भरून पिकअप निघाला. थोरलीने धाकट्याला मधल्या सीटवर बसवलं. "पाणी उकळतंय का बघायला चल." चढावर बर्फवाल्याचं स्टिअरिंग घामाने ओलं झालं, धाकट्याची नजर इंजिनाच्या उष्णतेच्या काट्यावरून हलेना. पिकअप चढ चढला, बाजारात पोचला. लाद्यांच्या कडा हाताला कापतील इतक्या शाबूत होत्या. मासळीवालीने एक लादी ठोकून बघितली आणि म्हणाली, "आज मासे पोहणार नाहीत म्हणायचे."

परतताना धाकटा म्हणाला, "ताई, टेबल राहू दे."

"राहू दे म्हणणारा तू, उद्या उचल म्हणणाराही तूच. मला पगार हवा. बाहेरच्या कारागिराला देशील तेवढा."

"घरच्या गॅरेजात पगार?"

"घरच्याच गॅरेजात टेबल उचलणार होतास ना?"

पगार सुरू झाला. पुढची वर्षं ती त्याच टेबलावर राबली. बाप दाराशी ब्लेड घेऊन बसायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कॉम्प्युटरवरची पिशवी स्वतः चिरायचा. कुणी विचारलं, "बांधली कुणी होती?" तर ताठ मानेने सांगायचा, "मी."

त्या पगारातून अखेर रस्त्यापलीकडे तिचा स्वतःचा गाळा झाला. टेबल पलीकडे गेलं, मागोमाग बापाची खुर्चीही गेली. शटर नवं बसवलं. बसवणाऱ्याने विचारलं, किल्ल्या किती करू?

"एक," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिने शटर वर केलं.