बुजवलेला खंदक

लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी माझी पोस्टिंग पश्चिम सीमेजवळच्या एका विमानतळावर झाली. मी कॉर्पोरल होतो, एअरफ्रेम फिटर. म्हणजे विमानाचा सांगाडा, चाकं, ब्रेक, हे माझं काम. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला. नागपुरात आता कुठल्याही समारंभात माजी सैनिक म्हणून मला खुर्ची देतात आणि विचारतात, काका, तुम्ही किती विमानं पाडली? मी एकही पाडलं नाही. मी टायर बदलले. लढाईचं सांगायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते.

आमचं विमान ब्लास्ट पेनमध्ये उभं असे. तिन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध, वर जाळी, चौथी बाजू विमान बाहेर काढायला उघडी. ते उडवायचे फ्लाइट लेफ्टनंट चेरियन, केरळचे, कमी बोलणारे. पण ते उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत विमान आमचं. इंधन, ऑक्सिजन, टायर, दारूगोळा, सगळं भराभर करून द्यायचं. चेरियन तेवढ्यात बांधाला टेकून चहा प्यायचे. विमानाचा आर्मरर, म्हणजे शस्त्रं लावणारा, होता कॉर्पोरल मोरेश्वर पराते. उमरेडचा, विणकराच्या घरातला. मी नरखेडकडचा. त्या तळावर आम्ही दोघंच इकडचे, त्यामुळे अहो-जाहो पहिल्याच दिवशी संपलं.

रॉकेटं लावली की त्यांच्या सेफ्टी पिना सगळ्यात शेवटी काढतात. प्रत्येक पिनेला लाल फीत असते. पराते त्या पिना वर धरून कॉकपिटसमोर उभा राहायचा. चेरियन वरून मोजायचे आणि अंगठा दाखवायचे. त्याशिवाय विमान हलत नसे. चेरियन म्हणायचे, "टॉवर नंतर. आधी पराते."

पेनच्या तोंडाशी, उजव्या हाताला, आमचा खंदक होता. जमीन दगडासारखी. माझ्या हाताला फोड आले तेव्हा पराते म्हणाला, "तू बस गा, मी पाहतो," आणि उरलेला सगळा त्यानेच खणला. भोंगा वाजला की हातातलं टाकायचं, उजवीकडे पळायचं, उडी मारायची. त्याचा सराव इतका झाला होता की डोकं काही ठरवायच्या आधी पाय निघत.

आता ज्याच्यासाठी हे लिहितो आहे ते सांगतो. तळाचा ऍडज्युटंट म्हणून एक साहेब होता. झाडलोट, शिस्त, परेड हा त्याचा प्रांत. त्याचं नाव मला पाठ आहे, पण इथे देत नाही. नाव दिलं तर लोक म्हणतील, तो एक माणूस वाईट होता. तो एकटा नव्हता. त्याच्या पठडीतले साहेब मी नंतरही पुष्कळ पाहिले.

लढाई ऐन भरात असताना निरोप आला की वरून कोणी मोठे अधिकारी भेटीला येणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी या साहेबाने चुन्याची पोती मागवली. मोठ्यांची गाडी थेट आमच्या पेनपर्यंत यायची होती आणि वाटेत खंदक आडवा येत होता. मजूर आले, त्यांनी खंदक भरला, वर मुरूम दाबला. वाटेच्या दोन्ही कडांना चुना फासलेल्या विटा लावल्या. झेंडूच्या कुंड्याही आल्या. कुठून आणल्या देव जाणे.

मी पुढे होऊन ऍडज्युटंटला सॅल्यूट केला. "सर, खंदक लागेल. आणि इथे जेट इंजिन चालतं, खडे आत ओढले जातील."

"भेटीनंतर पुन्हा खणू. कॅरी ऑन, कॉर्पोरल."

पराते फावड्याला टेकून बघत होता.

"हे काहून बुजवून राहिले गा? लढाई सरली का?"

"मोठा साहेब येऊन राहिला म्हणे."

"मंग त्याले खंदक नाही लागत का?"

आम्ही हसलो. चेरियन उतरले तेव्हा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "या पांढऱ्या रेघांमुळे मला वरून रनवेच्या आधी तुमची पेन दिसली. कुणी केलं हे?" त्यांनी फील्ड टेलिफोनवरून ऍडज्युटंटला गाठलं. चेरियनच्या बाजूचं बोलणं मी ऐकलं. "सर, धिस इज अ टार्गेट. नो सर. येस सर." फोन ठेवून ते दुसऱ्या सॉर्टीला, म्हणजे पुढच्या उड्डाणाला, गेले. विटा तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली सॉर्टी करून विमान परत आलं. इंधनाची गाडी भरून निघून गेली होती. चेरियन आणि मी मागच्या बांधाजवळ होतो. टायरला एक चीर पडली होती, ती मी त्यांना सांगत होतो. पराते उजव्या पंखाखाली होता. तेवढ्यात लाउडस्पीकरवर आवाज आला. "एअर रेड वॉर्निंग रेड. रेड. टेक कव्हर." भोंगा नंतर वाजला. विमानं त्याच्याही आधी दिसली. दोन होती, फार खालून आली.

आम्ही दोघे बांधाला चिकटलो. पराते पंखाखालून निघाला आणि उजवीकडे पळाला. मान खाली, नेहमीसारखा. खंदकाच्या जागी पोचला आणि थांबला. पायाखाली सपाट मुरूम होता. त्याने आमच्याकडे पाहिलं. मग तिथेच, चुन्याच्या दोन रेघांच्या मध्ये, तो पालथा पडला आणि डोक्यावर हात घेतले. मी ओरडलो, "मोरेश्वर, इकडे ये." तो उठायला लागला, आणि तोफेच्या गोळ्यांची रांग त्या वाटेवरून गेली.

विमानाला एक ओरखडा आला नाही. पराते जागीच गेला.

ऑल क्लिअर झाल्यावर ऍडज्युटंट जीपमधून आला. स्ट्रेचर नुकतं हललं होतं. तो वाटेवर उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा माणूस खंदकात का नव्हता?"

माझ्या हातात पाना होता. तो मी खाली ठेवला, कारण हातात राहिला असता तर माझं कोर्ट मार्शल झालं असतं. उत्तर चेरियननी दिलं, इंग्रजीत, अगदी हळू.

"सर, तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

तो बाजूला सरकला. एवढंच केलं त्याने. त्याच संध्याकाळी खंदक पुन्हा खणायचा हुकूम आला, वरातीमागून घोडं. चेरियननी फावडं घेतलं आणि आमच्याबरोबर खणलं. वैमानिकाला ते काम कुणी सांगत नाही. सकाळी पिना मी वर धरल्या. त्यांनी मोजल्या, पण अंगठा लवकर आला नाही.

चौकशीत चेरियननी लिहून दिलं, मीही दिलं. ऍडज्युटंटला पुढे बढती मिळाली. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही. मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या शाळेत कार्यक्रम होता. मैदानावर पाहुण्यांच्या गाडीसाठी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मी त्यांच्यावर पाय ठेवला नाही, कुंपणाकडून वळसा घालून गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, काहीतरी स्फूर्तिदायक सांगा. मी हेच सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत, ते बरं झालं.

लढाई थांबल्यावर रजा मिळाली तेव्हा मी उमरेडला गेलो. परातेचे वडील मागावर बसले होते. मला पाहून त्यांनी धोटा खाली ठेवला. सरकारी पत्रात लिहिलं होतं की शत्रूच्या हल्ल्यात मुलाला वीरमरण आलं.

"खड्डा खणला म्हणून लिवलं होतं त्यानं मले," ते म्हणाले. "त्यात गेला नाही का तो?"

मी काही लपवलं नाही. "बुजवला होता, काकाजी."

"कोणं?"

"आमच्याच साहेबानं."

"काहून?"

"मोठ्या साहेबाची गाडी येणार होती तिथून."

त्यांनी मागावरच्या ताण्यातला एक तुटलेला धागा जोडला. मग त्यांनी विचारलं, "मंग आला का तो साहेब?"

"नाही आला, काकाजी."

कॉर्पोरल मोरेश्वर पराते, आर्मरर, राहणार उमरेड. खंदक त्याने स्वतः खणला होता.