उरलेल्या पाण्याचं झाड

मस्कतचे डोंगर थेट समुद्रातून वर आल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्यावर गवताची काडीही नसते. खाली नजर जाईल तिथवर पाणी, आणि चढणाऱ्याचा घसा मात्र कोरडा. आमच्या घरामागच्या शिखरावर तेवढं एक बोरीचं झाड आहे. वर आलेला माणूस परत निघताना बाटलीत उरलेलं पाणी त्याच्या आळ्यात ओततो. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच ठाऊक नाही. आम्हीही बघून बघूनच शिकलो.

उन्हाळ्यात मात्र खडक तव्यासारखे तापतात आणि वर कुणी फिरकत नाही. आटपाडीहून आमच्याकडे राहायला आलेली आई थंडीत तिथं पाणी घालून आली होती. ती सारखी खिडकीतून शिखराकडे बघायची आणि विचारायची, "जगलं असंल का रं ते?" मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो.

हवा निवल्यावर आम्ही पुन्हा चढलो. झाडासाठी भरून घेतलेली स्टीलची बाटली तिनं माझ्या हातात दिलीच नाही. वर पोचलो तर फांद्यांवर कोवळी पानं होती. आळं ओलं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

आईनं मातीला बोट लावलं. "एवढ्या उन्हाचं कोण येत असंल रं?"

आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसांच्या जिवावर किती काय तग धरून असतं!

"बाटली उघडू?" मी विचारलं.

"नको. त्याला मिळालंय," म्हणत तिनं ती भरलेली बाटली झाडाच्या सावलीत ठेवली. "आता येणाऱ्याला राहू दे."