नसलेल्या खुर्चीतले सुभेदारकाका

सुभेदारकाका रोज सकाळी सहा वाजता आरामात बसून चहा प्यायचे. फक्त त्यांच्याखाली खुर्ची नसायची. गेटाशेजारच्या चौकीच्या भिंतीला पाठ, गुडघे काटकोनात, मांड्या जमिनीला समांतर आणि हातात स्टीलचा पेला. चौकीत एक लोखंडी खुर्ची होती, पण तिच्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांचं रजिस्टर बसायचं. चहा संपेपर्यंत काका हलायचे नाहीत, आणि चहा ते मुद्दाम उकळता घ्यायचे. दूध आणायला खाली आलेली माणसं पहिल्या दिवशी थबकायची, दुसऱ्या दिवशी हसायची आणि तिसऱ्या दिवसापासून "राम राम, सुभेदारसाब" म्हणून पुढे जायची.

दिल्लीतली द्वारका तेव्हा नुसती नावाला वसली होती. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही बाबांच्या खात्यातल्या लोकांच्या नऊ मजली सोसायटीत राहायला आलो, तेव्हा पाणी टँकरनं यायचं आणि खिडकीतून दिसायचे ते बदरपूरचे ढीग. बांधकामाच्या त्या लाल वाळूला दिल्लीत बदरपूरच म्हणतात. काका माण तालुक्यातले. जिथं पाऊससुद्धा पाहुण्यासारखा येतो तिथला हा माणूस फौजेत जाऊन बर्फावर स्कीइंग शिकला, पुढे कित्येक वर्षं त्यानं जवानांना ते शिकवलं, आणि गुडघा निकामी झाल्यावर पेन्शन घेऊन आमच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर झाला. बर्फ सुटून सहा वर्षं झाली होती, पण मांड्या तयार ठेवणारी ती चहा पिण्याची पद्धत सुटली नव्हती.

माझं त्यांच्याशी जुळलं ते माझ्या नामुष्कीमुळे. त्या जानेवारीत मी औलीला स्कीइंगच्या बेसिक कोर्सला गेले आणि 'सी' ग्रेड घेऊन परतले. 'ए' मिळाल्याशिवाय पुढचा कोर्स नाही, आणि पुढच्या कोर्सशिवाय मला जगण्यात राम वाटत नव्हता. विसाव्या वर्षी माणूस असंच बोलतं. बाबांनी फायलीवर शेरा मारावा तसं सांगितलं, "आणखी एक चान्स. पुढच्या जानेवारीत नाही जमलं, तर मुकाट्यानं बँकेच्या परीक्षा."

मी हे सगळं काकांना चौकीपाशी रडत सांगितलं. वर्षभर पार्कात धावले होते, दम चांगला होता, तरी औलीच्या उतारावर दुपारनंतर पाय लटपटायचे आणि मी बसकण मारायची. काकांनी एकच विचारलं, "धावलीस कुठं? सपाटीवर ना?"

"हो."

"मग सपाटीची तयारी झाली. बर्फ खाली जातो, पोरी. चढायला दम लागतो, उतरायला मांड्या लागतात. चलो, उद्यापासून उतरायचं."

बाबांची इच्छा मी जनकपुरीतल्या नव्या जिममध्ये जावं अशी होती. तेव्हा जिम ही नवलाईची गोष्ट होती. काचेचं दार, इंग्रजी गाणी. काका म्हणाले, "तिथं चारी बाजूंनी आरसे असतात. बर्फात नसतात." मी करोल बागेतून आणलेले चकचकीत विदेशी बूट दाखवले, तर ते त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "बूट फर्स्ट क्लास आहेत. आता त्यांच्या लायकीचे पाय बनवू."

सोसायटीची लिफ्ट त्याच महिन्यात सुरू झाली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांना एक विचित्र दृश्य दिसू लागलं. मी आणि सुभेदारकाका लिफ्टनं नवव्या मजल्यावर जायचो आणि जिन्यानं खाली यायचो. पुन्हा लिफ्टनं वर, पुन्हा जिन्यानं खाली. गुडघे वाकलेले, पाऊल आडवं, एकेक पायरी सावकाश. हात पुढे राहावेत म्हणून काकांनी चौकीतला चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, वर पाण्याचे दोन पेले. सोसायटीत चार मराठी घरं होती. त्या चारही घरांत दोन दिवसांत बातमी पसरली की लेकीला दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी पोहे नेण्याची प्रॅक्टिस चालली आहे. आईला तर एका काकूंनी मुलगा काय करतो हेही विचारलं. आई संतापून म्हणाली, "मुलगा कसला, डोंगर आहे डोंगर!"

मे महिन्यात सेक्रेटरीसाहेबांनी काकांना ऑफिसात बोलावलं. कुणीतरी तक्रार केली होती. "सुभेदारसाब, बुरा मत मानना, लिफ्ट रेझिडेंट्स के लिए है. स्टाफ के लिए नहीं." काकांनी "जी साब" म्हटलं, सॅल्यूट केला आणि बाहेर आले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच लिफ्टनं वर गेले आणि नवव्या मजल्यावर उभी राहिले, तर खालून जिन्यात पावलं ऐकू आली. एक जोरात, एक ओढलेलं. ते चढून येत होते. आठ दिवस असे आले. नवव्या दिवशी कठड्यावरून वाकून पाहिलं, तर ते डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढच्या पायरीवर ठेवत होते.

"काका, तुम्ही चढलात तर मी उतरणार नाही," मी ओरडले. मला इतका राग आला होता की ट्रेमधलं पाणी सांडलं.

ते पायरीवर बसले. बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "अच्छा. मग मी खाली बसून ऐकतो."

आणि खरोखरच ऐकायला लागले. जिन्याच्या तळाशी भिंतीला टेकून, त्यांच्या त्या नसलेल्या खुर्चीत, डोळे मिटून. मी खाली पोचले की निकाल तयार असायचा. "सहाव्यावर घाई केलीस." "उजवा बरोबर आहे, डावा आळशी झालाय." सुरुवातीला मला वाटायचं, ठोकून देतायत. जून महिन्यात, सकाळीच भट्टी पेटलेल्या एका दिवशी, मी लिफ्ट पाचव्यावर थांबवली, तिथल्या गार फरशीवर चार मजल्यांचा वेळ काढला आणि मग ट्रे सांभाळत साळसूदपणे उतरले.

काकांनी डोळे उघडले. "पाचव्यावरून आलीस."

मी ट्रे खाली ठेवला.

"नवव्यावरून आलेला पाय वेगळा वाजतो, पोरी." त्यांनी आपला चहा माझ्या हातात दिला. "मला फसवून काय मिळणार? मी थोडाच येणारे तिथं बर्फावर."

ते रागावले असते तर मी भांडले असते. ते रागावले नाहीत, म्हणून मी तोंड फिरवून रडले, लिफ्टनं नवव्यावर गेले आणि उतरून आले. त्या दिवसानंतर जानेवारीपर्यंत एकही मजला चुकवला नाही. दिवाळीच्या दिवशीही फराळाआधी उतरले. डिसेंबरच्या धुक्यात समोरची इमारत दिसत नसे, पण जिना दिसायचा, तेवढं पुरे होतं.

औलीला शेवटच्या दिवशी, दुपारी, सगळ्यांचे पाय गळाले होते त्या वेळी मला उतारावर सोडलं. मांड्या पेटल्या होत्या. मी हात पुढे धरले आणि मनात ट्रे धरला. कोण कुठं उभं आहे ते पाहिलं नाही. खाली पोचून उभी राहिले, उभीच राहिले.

दिल्लीत आल्यावर सर्टिफिकेट घेऊन धावत चौकीवर गेले. 'ए' होतं त्यावर. काकांनी ते दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "जिन्यावर चल." मी नवव्यावरून उतरून आले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग उठले, चौकीत गेले, त्या रजिस्टरवाल्या लोखंडी खुर्चीवरचं रजिस्टर काढलं आणि प्रथमच तिच्यावर बसले. "बिल्कुल पास," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही.

मार्चमध्ये ते गावी गेले. गुडघ्यानं अखेर त्यांचं ऐकणं सोडलं होतं. मी पुढचा कोर्स केला, त्याच्याही पुढचा केला, आणि हिवाळ्यात शिकवायला जाऊ लागले. मोबाइल आल्यावर दर ऑक्टोबरात मी त्यांना फोन लावायची, आणि ख्यालीखुशाली विचारण्याआधीच ते म्हणायचे, "फोन चालू ठेव आणि उतर." मी ट्रेमध्ये फोन ठेवून नऊ मजले उतरायची. तिकडे माणमध्ये खाटेवर पडून ते ऐकायचे.

शेवटच्या वर्षी फोन त्यांच्या मुलानं घेतला. बोलणं जवळजवळ बंद झालंय, म्हणाला, कानाशी धरतो. मी उतरले. खाली पोचून ट्रेमधला फोन कानाला लावला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी ठेवणारच होते, इतक्यात अगदी हळू आवाज आला, "डावा... आळशी झालाय." त्यानंतर पंधरा दिवसांनी ते गेले.

आता मी पन्नाशीत आले आहे. सोसायटी तीच, जिना तोच. गेटवर आता कॅमेरे आहेत. दर ऑक्टोबरात मी लिफ्टनं वर जाते आणि ट्रे घेऊन उतरते. तळाशी आले की भिंतीजवळ क्षणभर थांबते. कुणी काही बोलत नाही. डावा आळशी झालाय, हे आता माझं मलाच ऐकू येतं. मग मी पुन्हा लिफ्टचं बटण दाबते.