तेवीस नंबरच्या टेपची शेपटी

आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर टेपमावशींचं राज्य होतं. भूकंपवाले, ढगवाले, समुद्रवाले, सगळ्यांची वर्षानुवर्षांची मोजमापं तिथल्या टेपांवर साठवलेली. टेप कपाटातून काढून यंत्रात घालायचं काम एक लोखंडी हात करायचा, पण कुणाचं काय कुठे आहे ते मावशींच्या डोक्यात. मी शेजारच्या टेबलावर बसून त्यांची बोलणी खायचो.

मावशी एक नंबरच्या चिकट. टेप अर्धी रिकामी राहिली की त्यांचा जीव तुटायचा. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या विभागांच्या टेपेच्या शेवटी त्या एखाद्या एकट्यादुकट्या संशोधकाची मोजमापं बसवून द्यायच्या. त्याला म्हणायच्या शेपटी. शेपट्यांची नोंद निळ्या वहीत. पुढे संगणकातली यादी आली, तिच्यात टेपमागे एकच मालक लिहायची सोय. मावशींनी मोठ्यांची नावं भरली आणि वही खणात टाकली.

त्या मंगळवारी भूकंपवाल्यांनी कळवलं, आमच्या जुन्या टेपा पुसून वापरा. मावशींनी नंबर यंत्राला दिले आणि जेवणाचा डबा उघडला. तेवढ्यात तळ्याच्या बाई आल्या. अकरा वर्षं त्या एकाच तळ्याचं तापमान रोज मोजत होत्या. त्यांचा संगणक बंद पडला होता. आता इथली प्रत तेवढी उरली होती.

मावशींचा घास हातातच राहिला. त्यांनी खण उघडला. वहीत लिहिलं होतं: तळं, टेप तेवीस, शेपटी. तेवीस भूकंपवाल्यांची.

आम्ही आत धावलो, लाल बटण दाबलं. लोखंडी हात थांबला, पण तेवीसचा कप्पा रिकामा होता. टेप यंत्रात गेली होती आणि तिच्यावर नवं लिहायला सुरुवात होऊन चार मिनिटं झाली होती. शेपटी टोकाला शाबूत असणार, पण नवं लिखाण संपतं त्याच्या पुढचं आमचं यंत्र वाचतच नाही.

मी नको ते कुजबुजलो. यादीत तळ्याचं नावच नाही, बाईंचं इथे कधी काही आलंच नव्हतं म्हणू. मावशी मला रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी वही पोटाशी धरली. निवृत्तीला पाच महिने होते.

"सापडलं का हो मावशी?" बाईंनी दारातून विचारलं.

मावशींनी वही त्यांच्या हातात दिली. "सापडलं. पण मीच पुसायला लावलं. तुमचं नाव यादीत चढवायचं राहून गेलं माझ्याकडून."

बाई आपल्या नावावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक.

"आणि ही बाकीची माणसं? यांची नावं तरी यादीत आहेत का?"

मावशींनी फोन माझ्यापुढे सरकवला. पहिल्या नावाला फोन लाव म्हणाल्या. मला नंबर दाबता येईना.