न धुतलेली जाळी

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, नदीच्या तळातले किडे मोजायला लागले, तरी ती भिंगरी काही थांबली नाही.

काम तसं सोपं. वाहत्या पाण्यात जाळी धरायची, तिच्या वरच्या अंगाला पायाने दगड ढवळायचे आणि निघेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून बघायचं. तळातले किडे फार लांब जात नाहीत, त्यामुळे गेल्या काही महिन्यांत नदीवर काय गुदरलं ते त्यांच्याकडे बघून कळतं. घोडबंदर रस्त्यालगतच्या चेणे गावच्या नदीत मला शेपटीला तीन केस असलेल्या चपट्या अळ्या मिळायच्या. त्यांना घाण सोसत नाही. नाल्याच्या गाळात लालभडक अळ्या वळवळतात, त्यांना सगळंच चालतं.

त्या रविवारी सकाळी शांती नगरमागच्या नाल्यात जाळी घालून मी विद्यार्थ्यांना लाल अळ्या दाखवल्या, त्यांना घरी पाठवलं आणि तशीच रिक्षाने चेण्याला गेले. ऊन चढायच्या आत दुसरा नमुना हवा होता. ट्रे भरला. तीन केसांच्या अळ्यांमध्ये पाच-सहा लाल अळ्याही होत्या.

काठावर एक मावशी डवऱ्यातून, म्हणजे वाळूत पाणी पाझरायला खणलेल्या खड्ड्यातून, वाटीवाटीने हंडा भरत होती. डवरा तिच्या सासूने खणलेला. माझ्या किड्यांची ती नेहमी थट्टा करायची.

"काय गो बाय, तोंड का उतरलं?"

"नदी बिघडायला लागलीय, मावशी. हे पाणी पिऊ नका."

ती ट्रेवर वाकली आणि लाल अळीकडे बघत राहिली. मी थांबले नाही. अहवालाची वाक्यं तोवर मनात जुळायला लागली होती.

गुरुवारी जाळी धुवायला काढली, तर शिवणीत काळा गाळ आणि त्यात वाळलेल्या लाल अळ्या. चेण्याच्या वाळूत असला गाळ नसतोच. जाळी धुतल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालायची नाही, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते! मला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुपारचा तास दुसऱ्यावर ढकलला आणि धुतलेली जाळी घेऊन चेण्याला निघाले. सिग्नलला रिक्षा थांबली की माझा जीव वरखाली व्हायचा.

डवरा नव्हता. वाळू सपाट केलेली, वर काटे टाकलेले. मी घाईघाईने दोनदा जाळी घातली. एकही लाल अळी नाही. तेवढ्यात मावशी घोडबंदर रस्त्यापलीकडच्या नळावरून हंडा घेऊन धापा टाकत आली.

"गाड्या थांबत न्हाय गो," ती म्हणाली. "काल मरता मरता वाचली."

"मावशी, चूक माझी होती. त्या अळ्या नाल्यातल्या होत्या. मी जाळी धुतली नव्हती. नदी चांगली आहे."

तिने हंडा खाली ठेवला. "सासूचा डवरा मी माझ्या हातानं बुजवला," एवढंच म्हणाली. मग घरातून फावडं आणून माझ्या हातात दिलं. "खन."

मी खणलं. पाणी पाझरलं, ते गढूळ. निवळेपर्यंत बसायचं असतं म्हणे. मी दोनदा उठले, दोनदा तिने मला हात धरून खाली बसवलं. शेवटी तिने वाटीने तांब्या भरला.

"पहिला तुझा."

किड्यांवरून नदी कळते, पाण्यातले जंतू कळत नाहीत. हे तिला रविवारीही सांगायला हवं होतं. "उकळून प्यायला हवं, मावशी."

"तवा पिऊ नका म्हनालीस, आता उकळ म्हनतेस. तुझा तुझ्यावर भरोसा हाय का न्हाय?"

तांब्या तिने मागे घेतला नाही. मला भीती वाटत होती, तरी तोंडाला लावला. अर्ध्यावर थांबले तर तिने बोटाने तांब्याचं बूड वर ढकललं. शेवटचा घोट माझ्या घशाखाली उतरलेला बघितला आणि मगच हंड्यातलं नळाचं पाणी वाळूत ओतून दिलं.