मार्करच्या मुठीतलं प्लास्टिक

ती वायर मी दाबली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

पुतणी नोकरीसाठी दिल्लीत आली आणि आमच्याकडे, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहू लागली. रविवारी ती गुडगावला पेंटबॉल खेळायची. रंगाच्या गोळ्या मारणारी तिची इलेक्ट्रॉनिक बंदूक होती, खेळणारे तिला मार्कर म्हणतात. बंदुकीच्या मुठीत बॅटरी आणि लहानसं सर्किट. ही मूठ उघडायची ती फक्त तिच्या संघातल्या मैत्रिणीने, असा दोघींचा नियम होता. मैत्रीणही मराठीच, शनिवारी आमच्याकडे जेवायची, मला काका म्हणायची.

आमच्या घरात रिमोटलाही प्लास्टिक घातलेलं असतं. दिल्लीची धूळ कशातही शिरते. बायको म्हणते, "एक दिवस मलाही कव्हर चढवाल."

एका शनिवारी मैत्रीण मार्कर साफ करून गेली. पुतणी बाहेर होती. मी मूठ उघडली, दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा आत बसवला आणि स्क्रू चांगले आवळले. सांगितलं नाही. दोघी हसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ऐन सामन्यात मूठ तापली. तळहाताला चटका बसून पुतणी बाहेर आली आणि संघ हरला. घरी येऊन तिने मार्कर टेबलावर ठेवला.

"बघा ना काका. नवीन बॅटरी टाकली तरी तेच."

ती आंघोळीला गेली. मी मार्कर चालू केला. टेबलावर तो थंडच राहिला. मग खेळताना धरतात तसा घट्ट धरला, तर मिनिटाभरात मूठ गरम झाली. स्क्रू काढले. प्लास्टिकची घडी पडून लाल वायर धातूवर दाबली गेली होती, तिचं आवरण फाटलं होतं. पिशवीचा तुकडा मी खिशात घातला आणि वायरला टेप गुंडाळली.

"काय निघालं?" पुतणीने विचारलं.

"वायर दबली होती."

तिने लगेच फोन लावला, स्पीकरवर. "शेवटचं तूच उघडलं होतंस ना?"

"अगं, वायर बघूनच झाकण लावलं मी, काकांच्या समोर. त्यांना विचार."

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दबलेली होती एवढं खरं. कशी दबली, ते कसं सांगणार?"

ऑफिसात तीस वर्षं मी फायलींवर असंच लिहीत आलोय. चूक झाली आहे, एवढं लिहायचं. कुणाची, ते कधीच नाही.

"बास यार, निदान चूक मान तरी," पुतणी म्हणाली आणि फोन ठेवला. मैत्रिणीने संघ सोडला. शनिवारचं एक ताट कमी झालं.

मागच्या महिन्यात कोपर्निकस मार्गावरच्या कॅन्टीनमध्ये ती मैत्रीण अचानक समोर आली.

"काका, मूठ परत तापली का हो?"

"नाही."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि ट्रे उचलून लांबच्या टेबलाकडे गेली. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. वरण गार होत होतं, मी जेवत राहिलो.

पुतणीला मी खरं सांगायला हवं. तिच्या मैत्रिणीची, पुतणीच्या समोर, माफी मागायला हवी. दोन्ही अजून बाकी आहे.