घागर बसली न्हाई

घाटनांदूरच्या कुंभारवाड्यातून येणारे आमच्या कलामहाविद्यालयाचे शिपाईमामा प्रत्येक वस्तुचित्रापुढे मान तिरपी करून उभे राहतात. "घागर बसली न्हाई, सर. कलंडंल," असे ते हळूच म्हणतात, आणि रेघ खरोखरच चुकलेली असते.

यंदाच्या प्रदर्शनात अशाच कलंडत्या घागरीला मी पहिले पारितोषिक दिले. चित्राखालचे निवेदन भारदस्त होते, इतर परीक्षक भारावले होते, आणि मला विरोध करण्याचे धैर्य झाले नाही.

पारितोषिकाची चिठ्ठी शिपाईमामांनी चिकटवली. मग जवळ येऊन काळजीने विचारले, "चष्म्याचा नंबर वाढला काय वो, सर? अंबाजोगाईला डोळे दाखवून या की."

"नाही. मला दिसलं होतं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. माझे डोळे बिघडले असते, तर त्यांना बरे वाटले असते.